नाव काढायचं, काम ठेवायचं

कळंबहून धाराशिवला येताना बसमध्ये शेजारचा तरुण सारखी बोटं मोडत होता. कपातीत त्याची नोकरी गेली होती. जगभरातली माणसं मिळून लिहितात आणि फुकट देतात, अशा एका सॉफ्टवेअरची देखभाल तो नोकरी सांभाळून करायचा; देखभाल करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. त्याच कामाच्या जोरावर नवी नोकरी मिळेल, ही त्याची आशा. कॉलेजात मी त्या सॉफ्टवेअरवरच शिकलो, म्हणून त्याचे आभार मानले.

"ज्यानं मला शिकवलं त्याचे माना. त्याच्या देशावर बंदी आलीय, तर आमच्यातलेच यादीतनं त्याचं नाव काढा म्हणत्यात."

"आणि त्यानं केलेलं काम?"

"ते ठेवायचं! लई हुशार हायत."

ढोकी गेल्यावर त्याने मोबाईलवर त्या लोकांना 'मग यादीतून माझंही नाव काढा' असं लिहून पाठवलं. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दादा, तुमच्या हापिसात जागा निघाली तर सांगा की."