डॉक्टरांचा अर्धा निरोप

माझ्या बायकोला वाटतं की तिला माझं सगळं माहीत आहे. वाटू दे. ही एक गोष्ट मात्र मी तिलाही सांगितलेली नाही — भावाला नाही, मित्राला नाही, आणि देवासमोर उभा राहिलो तेव्हाही दुसरंच काहीतरी पुटपुटून परत आलो. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही दिसत नाही.

नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर मी टाईमकीपर होतो. बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या सीझनची ही गोष्ट. फाटकाजवळच्या खोलीत बसायचं आणि कोण कामावर आलं, कोण रजेवर, कोणी दांडी मारली ते बघायचं, एवढंच माझं काम. पगार बेताचा, पण रुबाब मोठा. कारण सीझनमध्ये कारखाना रात्रंदिवस चालतो. एखाद्याच्या जागी पुढच्या पाळीचा माणूस आला नाही तर आधीच्याला तिथंच थांबून ती पाळीही ओढावी लागते. म्हणून सीझनमध्ये सहसा रजा मिळायची नाही, आणि हवीच असली तर कारण सांगावं लागे — मला. माणसं सांगायची. कुणाच्या बहिणीला नवऱ्यानं टाकलेलं, कुणाच्या पोराला फिट यायची, कुणाचा बाप दारू पिऊन हरवलेला. मी तोंड गंभीर करून ऐकायचो, मान हलवायचो. खरं सांगू? मला ते आवडायचं. अख्ख्या कारखान्याची घरं मला आतून ठाऊक होती, आणि माझं वय तेव्हा तिशीच्या आत होतं.

रंगनाथ आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. पॅनमन होता — उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचं काम. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा, शेवगावकडचा, ताठ माणूस. हसला तरी मिशीतल्या मिशीत. त्याची बायको सुलोचनावहिनी, दोन मुलं. आमच्याकडे कालवण चुकलं की वहिनींकडून वाटी यायची, इतका घरोबा.

एक दिवस तो माझ्या खिडकीशी आला आणि आजूबाजूला बघून म्हणाला, “भाऊसाहेब, तुमाला म्हनून सांगतो. दोन पोरं बास झाली. ऑपरेशन करून घ्यायचं म्हनतो. पन कुनाला कळता कामा न्हाई.”

आता त्या ऑपरेशनला वेगळी पगारी रजा मिळायची. पण ती घेतली की नाव नोटिशीच्या फळ्यावर लागायचं आणि सभेत सगळ्यांसमोर नारळ देऊन सत्कार व्हायचा. रंगनाथ म्हणाला, नको ती रजा आणि नको तो नारळ. हक्काची रजा सोडून त्यानं स्वतःच्या शिलकीतली घेतली. लोकांना सांगायला कारण ठरलं — शेवगावच्या कोर्टात जमिनीची तारीख. त्याच्याबरोबर नगरला मीच गेलो. म्हणजे हे तिघांनाच माहीत होतं. तो, वहिनी आणि मी.

ऑपरेशन झालं. रंगनाथ भिंतीकडे तोंड करून पडला होता. डॉक्टरांना मी त्याचा भाऊच वाटलो असेन. त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, काही दिवस जड उचलायचं नाही. दुसरी — दुसरी त्यांनी जरा आवाज उतरवून सांगितली. म्हणाले, ऑपरेशन झालं म्हणजे लगेच काम झालं असं नसतं. तीन महिने सांभाळायला सांगा, नाहीतर दिवस राहू शकतात. नीट समजावा त्यांना. मी हो म्हणालो.

परतीच्या एसटीत रंगनाथनं विचारलं, “काय म्हनले डाक्टर?” मी म्हणालो, “जड उचलू नका म्हणाले.” पुढचं ओठांवर आलं होतं. पण मोठ्या भावासारखा माणूस, एसटी भरलेली, आणि विषय नवरा-बायकोचा. मला लाज वाटली. घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी त्यांची मुलं होती. उद्या सांगू म्हटलं. मग परवा. मग ते सांगायचं आहे हेच मी हळूहळू विसरायला लागलो — की विसरल्यासारखं करायला लागलो? आज मला हे नक्की सांगता येत नाही.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, भिडस्तपणा. चालायचंच. थांबा.

रंगनाथच्या जागी त्या आठवड्यात भानुदास नावाच्या पॅनमनला दोन-दोन पाळ्या ओढाव्या लागल्या. तो वैतागला होता. चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर मला म्हणाला, “एवडे दिवस कसली तारीख चालती हो? आमाला बी द्या की असं कोर्ट.” आठदहा जण माझ्या तोंडाकडे बघत होते. मला गप्प बसता आलं असतं. ‘त्याचं खासगी काम आहे’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माहीत असूनही न सांगणं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, “कोर्ट कसलं, नगरला जाऊन नसबंदी करून आलाय. आल्यावर जड काही उचलायला लावू नका त्याला.” जो हशा पिकला तो मला अजून आठवतो. माझ्या चहाचे पैसे भानुदासनं दिले.

रंगनाथ कामावर आला त्या दिवशी कुणीतरी त्याच्या हातातली बादली काढून घेतली. “ऱ्हाऊ द्या, तुमाला जड उचलायचं न्हाई ना.” मागून हसू. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याचा आवाज ऐकू आला. तो वहिनींना विचारत होता, नळावर कोणत्या बाईला सांगितलंस? वहिनी शपथा घेत होत्या. मी माझ्या खोलीत जेवत होतो. माझा संशय त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. मी टाईमकीपर — माणसांची कारणं पोटात ठेवणं हेच माझं काम. मी जेवण पूर्ण केलं.

उन्हाळ्यात, ऑपरेशनला तीन महिने व्हायच्या आतच, वहिनींना दिवस गेले.

वेगळं काय सांगू? ज्या माणसाचं ऑपरेशन अख्ख्या कारखान्याला ठाऊक, त्याच्या बायकोला दिवस गेलेले. टपरीवर आता कुणी हसत नव्हतं, कुजबुजत होते. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. रंगनाथ कुणाशी बोलेना, घरात जेवेना.

एका दुपारी वहिनी आमच्या दारात आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या. घरात मी एकटाच होतो. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुमी हुता ना संगं? डाक्टर काय तरी म्हनले असतील की. ऑपरेशन झाल्यावर बी असं हुतं का? हुत असंल तर यान्ला सांगा. माझं ह्ये ऐकूनच घेत न्हाईत.” मी जमिनीकडे बघत राहिलो. मग त्या हळूच म्हणाल्या, “ती गोष्ट भाईर कशी गेली, ते मी यान्ला कदी बोलनार न्हाई. तेवडं डाक्टरचं सांगा.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. आपण सांगितलेलं नाही, नवरा सांगणार नाही, मग उरलं कोण — एवढा हिशेब त्यांनी केव्हाच केला होता. आणि तरी माझं नाव त्यांनी घरात काढलं नव्हतं.

मी काय केलं? मला वाटलं, आता डॉक्टरांचं बोलणं सांगितलं तर रंगनाथ विचारणार, तेव्हाच का नाही सांगितलंस? मग टपरीपर्यंत गोष्ट जाणार. मग कारखान्यात मला कोण विचारणार? कदाचित नोकरीही जाईल. हे सगळं दोन श्वासांत माझ्या डोक्यातून गेलं. आणि मी म्हणालो, “नाही वहिनी. डॉक्टर असं काही बोलले नाहीत.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं.” आणि गेल्या.

ते ‘बरं’ अजून माझ्या घरात आहे. सून ‘बरं’ म्हणते, भाजीवाला ‘बरं’ म्हणतो, आणि माझं लक्ष दाराकडे जातं. आता आमचं घर दुसऱ्या गावात आहे, दारही वेगळं आहे. तरी जातं.

रंगनाथनं त्यांना माहेरी पाठवलं ते कायमचं. दोन्ही मुलं स्वतःकडे ठेवली. दुष्काळात मी कामासाठी शेवगावला निघालो होतो, तेव्हा रस्त्याच्या कामावर बायका खडी फोडत होत्या. पुढं रस्ता उकरलेला, म्हणून गाडी थांबली. बाभळीला झोळी बांधलेली होती. झोळीशेजारी वहिनी. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, चेहरा काळा पडलेला. त्यांनी मला ओळखलं. थोरामोठ्यांसमोर घ्यावा तसा डोक्यावरचा पदर नीट केला, आणि पुन्हा हातोडी उचलली. मी खाली उतरलो नाही. झोळीत मुलगा आहे की मुलगी, तेही मला पुढं दुसऱ्यांकडून कळलं. मुलगी होती.

त्यानंतर माझी नोकरी संपेपर्यंत मी रजेचं कारण कुणाला विचारलं नाही. मागितली की दिली. लोक म्हणायचे, काय सज्जन माणूस आहे, कुणाच्या घरात डोकावत नाही. निरोपाच्या भाषणातही कुणीतरी तेच म्हणालं. मी हात जोडले.

रंगनाथ गेला त्याच्या थोडे दिवस आधी मी त्याला भेटायला गेलो होतो. बोलताना धाप लागत होती. वहिनींकडच्या त्या मुलीचं लग्न होऊन गेलं होतं, आमंत्रण आलं होतं, तो गेला नव्हता. त्यानं माझा हात धरला. म्हणाला, “भाऊसाहेब, सख्ख्या बायकोनं माझं बोलनं चवाट्यावर नेलं. तुमी तेवडं पोटात ठेवलं. ईसरलो न्हाई मी.”

तेव्हा तरी सांगायला काय हरकत होती? ना नोकरी राहिली होती, ना टपरी. मी त्याचा हात थोपटला. पाणी हवं का विचारलं.

वहिनी अजून आहेत असं ऐकतो. त्यांनी शब्द पाळला.

ती मुलगी रंगनाथचीच होती. ती जन्मायच्या आधीपासून हे त्याला पटवून देऊ शकेल असा त्या कारखान्यात एकच माणूस होता, आणि तो मी होतो.