बिल्डिंगमागचा बेल

कुसुमकाकू गेल्या, हे त्यांच्या मुलानं, निखिलनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. “झोपेतच...” एवढंच तो बोलला. रडू यायच्या आधी मला रागच आला. इथं अमेरिकेत, पार्सिपनीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी ही नागपूरची बाई साधी सर्दी झाली तरी सगळ्या बिल्डिंगला ऐकवायची, आणि जाताना मात्र कुणाला चाहूल नाही! हे काकूंना शोभत नाही. पाच-सहा आठवडे झाले, अजून तो राग गेलेला नाही.

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. पुण्याहून माझ्या सासूबाई आल्या होत्या, आम्ही त्यांना आईच म्हणतो. पहिला सोमवार आणि घरात बेल नाही, म्हणून त्यांचा जीव खालीवर. महादेव तांदूळ चालवून घेईल, असं सांगून मी ऑफिसला पळाले. ते त्यांना कुठलं पटायला! संध्याकाळी येऊन बघते तर पिंडीवर हिरव्यागार पानांची रास, आणि तीन वर्षांची माझी मीरा आजीच्या मांडीवर बसून एकेक पान वाहतेय. बिल्डिंगमागच्या झाडावर चढलेल्या वेलाची पानं होती ती. एका देठाला तीन, अगदी बेलासारखी. आई खूश होत्या. मीही हात जोडले, मला तरी काय कळत होतं...

तेवढ्यात काकू आरतीला आल्या. मीरा डोळा चोळायला हात वर नेत होती. काकूंनी तो मनगटाला धरून हवेतच थांबवला.

हा बेल नाही, पॉयझन आयव्ही आहे, त्या म्हणाल्या. अमेरिकेत आल्या वर्षी त्यांनी स्वतः ते भोगलं होतं. आता काहीच दिसणार नाही, पण पानाचा चीक हाताला राहतो, दोन दिवसांत फोड येतात, डोळ्याला लागला तर डोळा सुजून मिटतो. धुवायला जितका उशीर तितकं वाईट. बोलता बोलताच त्यांनी मीराला खांद्यावर टाकून सिंकपाशी नेलं. भांड्यांचा साबण, गार पाणी, बोटांच्या बेचक्या, नखं. मीरा किंचाळत होती.

इकडे आईंनी कापूर पेटवायला घेतला. काकू आतूनच म्हणाल्या, काडी ओढू नका, पान जळलं तर धूर छातीत जाईल. आईंचा चेहरा लाल झाला. देवावरची पानं आरतीआधी काढायची नाहीत, असं त्यांनी ठणकावलं आणि काडी पेटीवर टेकवली. मी मधे उभी, ना इकडची ना तिकडची.

“वहिनी,” काकू शांतपणे म्हणाल्या, “महादेवानं विष पचवलं. आपल्या नातीला पचायचं नाही.”

आईंनी काडीपेटी खाली ठेवली. मग काकूंनी दोन्ही हातांना दुकानाच्या पिशव्या चढवून ती पानं उचलली आणि आईंनाही सिंकपाशी उभं केलं.

पुढचे दोन दिवस मी दर तासाला मीराचे डोळे बघत होते. तिच्या मनगटावर एक बारीक लाल रेघ उठली, बस्स. आईंच्या हातांवर मात्र फोडच फोड. उशीर झाला होता ना... त्या हळद-तेल चोळायला निघाल्या, तर काकूंनी फोनवरूनच दटावलं, की गार पाण्याची पट्टी ठेवा, कॅलामाइन लावा आणि डॉक्टरांना दाखवा. फोनवरूनच का, ते आई खाली गेल्या तेव्हा कळलं. सिंकपाशी नेताना मीराचे न धुतलेले हात काकूंच्याच मानेला मिठी मारून होते. मान आणि गाल सुजलेले, एक डोळा पूर्ण मिटलेला. आईंनी तिथंच बसून, आपल्या फोड आलेल्या हातांनी त्यांच्या डोळ्यावर पट्ट्या ठेवल्या. दोघी एकमेकींना रागावत होत्या म्हणे!

गेल्या रविवारी निखिलला घर आवरायला मदत करायला मीराला घेऊन गेले. ती मागच्या अंगणात खेळून आली, नेहमीसारखी काकूंच्या सिंकपाशी स्टूल ओढून चढली आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग खिडकीजवळच्या खुर्चीसमोर जाऊन दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. काकू तिथं बसून तिची नखं तपासायच्या, मगच खाऊ मिळायचा. खुर्चीवर आता निखिलनं बांधून ठेवलेली खोकी होती. मीरा माझ्याकडे बघेना, हातही खाली घेईना.

मी ती खोकी जमिनीवर ठेवली, खुर्चीत बसले आणि तिची नखं एकेक करून बघितली.