गाडी कोणाच्या हातात होती

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मला एका जागी बसवत नाही. होळी जवळ आली, लांबून ढोल ऐकू यायला लागले की मी घरातल्या घरात फेऱ्या मारतो. बायको म्हणते, "रिटायर झालात ना? बसा की आता." पण एका माणसाला केसमधून सोडवताना मी दुसऱ्याचा धर्म बुडवतोय की काय, या धास्तीत काढलेले ते दिवस अंगातून गेलेले नाहीत.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. दहावी कशीबशी झाली आणि शाळा सुटली. पोलिसात भरती झालो तो थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, नंदुरबार जिल्ह्यात. इथली अहिराणी समजेना, डोंगरातली भाषा तर नाहीच. तरी या लोकांनी मला सांभाळून घेतलं आणि खात्याने शिपायाचा सहायक फौजदार केला. दोघांचे उपकार आहेत. म्हणून हे लिहितोय, नावं मात्र कोणाचीच लिहीत नाही.

त्या वर्षी मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्यात होतो. काठी गावच्या राजवाडी होळीचा बंदोबस्त आटोपून आम्ही परतलो होतो. गर्दीत रात्रभर उभं राहून पाय सुजलेले. ठाणे अंमलदाराने चहा पुढे केला आणि लगेच सांगितलं, "डोंगरातून उतरणाऱ्या रस्त्यावर अपघात झालाय. कार नाल्यात गेली. मोटारसायकलवाल्याचा पाय मोडलाय."

चहा तसाच ठेवून निघालो. पांढरी कार उजव्या अंगावर कलंडून नाल्याच्या काठाला टेकली होती. गाडीत कोणी नव्हतं. पंच बोलावले, पंचनामा केला. ड्रायव्हरच्या सीटवर पांढरी पूड दिसली. एअरबॅग उघडली की पूड उडते, तेवढंच डोक्यात आलं. "सीटवर पांढरी पावडर" असं लिहून घेतलं आणि पुढे गेलो.

ठाण्यात आलो तर गाडीचा मालक आधीच बाकावर बसलेला. शहरातला टेलर, त्याला सगळे मास्तर म्हणायचे. घरी पिढ्यान् पिढ्या शिलाईचं काम. जुनी गाडी मोठ्या हौसेने घेतलेली. तीच घेऊन तो बाजारांना तयार कपडे न्यायचा.

"साहेब, गाडी मीच चालवत होतो," मी टोपी काढायच्या आत तो म्हणाला.

आमच्याकडे कोणी इतकं चटकन कबूल करत नाही. मला तेव्हाच कसंतरी वाटलं. तरी जबाब घेतला, त्याने सही केली. सही करताना विचारलं, "साहेब, विम्याला हा कागद चालेल ना?"

तिथून दवाखान्यात गेलो. मोटारसायकलवाला कळसाडीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. पायाचं ऑपरेशन व्हायचं होतं. गाडी कोण चालवत होतं, विचारलं.

"तोंड नही दिसनं साहेब. मी पडेल व्हतू. पण घुंगरं वाजी ऱ्हायंतात. त्या माणूसनीच माले उचलीसन जीपमा टाकं."

त्याचा बाप उशाशी उभा होता. तो कासावीस होऊन म्हणाला, "डोकाले मार लागेल शे ना साहेब, कायबी बोलस." डॉक्टरही म्हणाले, डोकं आपटलं की कानात वाजतं. मी घुंगरांचं काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोरच्या चहावाल्याने मला बाजूला घेतलं. पोलिसाला बातमी देताना माणूस नेहमी दुसरंच काम करत असल्यासारखं दाखवतो. हाही कपबश्या विसळत बोलला.

"साहेब, मास्तरनं नाव लिखं का तुमी? तो तं त्या येळले शहादाले मन्हा सालाना हाटेलवर चहा पी ऱ्हायंता."

"नक्की? तुझ्या मेव्हण्यानेच बघितलं?"

"मी कसाले खोटं बोलू? सालानी फोन करीसन सांगं. मास्तर तठे बठेल व्हता, फोन उना आणि चहा सोडीसन पळना."

माझं डोकं नेहमीच्या वाटेने चाललं. ड्रायव्हर बदलतात ते दोनच कारणांनी. खरा चालवणारा प्यायलेला असतो, नाहीतर त्याच्याकडे लायसन नसतं. म्हणजे मास्तर कोणाला तरी लपवत होता, आणि विमा कंपनीला फसवत होता. कंपनीचा सर्व्हेअर आधीच गाडी बघून गेला होता. जाताना मला स्पष्ट सांगून गेला, "चालकाचं नाव खोटं निघालं तर फाइल बंद." फाइल बंद म्हणजे मास्तरची गाडी गेली, आणि त्या मुलाच्या पायाचा खर्चही कोर्टकचेरीत अडकला. वर खोटी माहिती दिल्याची कारवाई.

मास्तरला बोलावलं. समोर बसवला. मी कधी आवाज चढवत नाही. साधे प्रश्न विचारले की खोटं आपोआप अडखळतं.

"गाडी कलंडल्यावर तू उतरलास कसा?"

"दरवाजा उघडून, साहेब."

"कुठला दरवाजा?"

"माझाच. ड्रायव्हरचा."

"तो तर नाल्याच्या काठाला चिकटलेला होता, मास्तर. त्यातून मांजरसुद्धा निघणार नाही."

मास्तरने खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. "मग दुसऱ्या बाजूने असेल. घाबरलो होतो."

"कोणाला वाचवतोयस? प्यायलेला होता का?"

"तोबा साहेब! त्याने थेंबसुद्धा..." बोलता बोलता तो थांबला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत फक्त एवढंच म्हणत राहिला, "गाडी माझी आहे. जे होईल ते माझं होऊ द्या."

घरी गेलो तर जेवण जाईना. माणूस चांगला दिसत होता आणि खोटं बोलत होता, हे दोन्ही एकदम खरं कसं, ते सुचेना. बायको माझा बंदोबस्ताचा गणवेश धुवायला काढत होती. "हे खांद्यावर काय लावून आलात? राख काय, चुना काय." गर्दीत नाचणारे माझ्या अंगावर घासले गेले होते. शर्टावर गोल गोल पांढरे ठिपके उठले होते.

ताट बाजूला सारून मी ठाण्याच्या आवारात गेलो, तिथे ती कार आणून ठेवली होती. टॉर्च मारून ड्रायव्हरच्या सीटची पाठ बघितली. एअरबॅगची पूड सगळीकडे सारखी पसरते. इथे गोल ठिपके होते. उघड्या पाठीवर ठिपके काढलेला माणूस या सीटला टेकून बसला होता. आणि कमरेला घुंगरं बांधलेली होती. त्या मुलाच्या कानाला काही झालं नव्हतं.

ज्यांना काठीची होळी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवस केलेली माणसं होळीत अंगाला राख लावतात, ठिपके काढतात, डोक्याला मोरपिसं, कमरेला घुंगरं बांधतात आणि नाचतात. त्या दिवसांत ती पाळणी पाळतात. खाटेवर बसायचं नाही, पायात चप्पल नाही, बाईला हात लावायचा नाही. असं नेमाने राहणारा माणूस गाडीच्या गादीवर बसेलच कसा? बसला असेल तर कारण मोठं असणार.

मास्तरच्या ओळखीचा, गाडी चालवता येणारा आणि नवसाला बसलेला माणूस शोधत सकाळी त्याच्या दुकानासमोरच्या टेंपो स्टँडवर गेलो. एकच टेंपोवाला गैरहजर होता. डोंगरातल्या एका पाड्यावरचा, मास्तरचा जुना दोस्त.

तो पाड्यावर भेटला. अजून पाळणीत होता, झाडाखाली मातीत बसलेला. पुढच्या गावांच्या होळ्या व्हायच्या होत्या. कोपराला मार लागल्याची सूज होती. मी त्याच्यासमोर मातीतच बसलो. खाट पुढे केली होती एका म्हातारीने, पण मला ती घ्यावीशी वाटली नाही.

"मास्तर आत जाईल," मी म्हणालो. "गाडी तर जाईलच."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने सांगितलं. घरच्यांना होळीला नेण्यासाठी त्याने पाळणी धरायच्या आधी मास्तरची गाडी मागून आणली होती. होळी पेटली त्या सकाळी त्याच्या बहिणीला कळा सुरू झाल्या. अ‍ॅम्ब्युलन्स गर्दीत अडकली. लायसन असलेला तो एकटाच. गर्दीत कोणाचं लक्ष नसताना बहिणीला उचलून गाडीत ठेवलं, तशाच अंगाने गाडी चालवली, दवाखान्यात पोचवलं. परत येताना वळणावर खडीवरून चाक घसरलं, मोटारसायकलला धडकून गाडी नाल्यात गेली. मोटारसायकलवाल्याला येणाऱ्या जीपमध्ये घातलं आणि मास्तरला फोन केला.

"माझा मुलगा मरत होता, वाचला, म्हणून नवस होता," तो म्हणाला. "पाळणी मोडली हे गावात कळलं आणि मुलाला परत काही झालं तर? मास्तर म्हणाला, तू गप्प बस. नाहीतरी दुसऱ्याने चालवलेली असली तर विमा मिळत नाही, मी माझंच नाव सांगतो."

आता माझी पंचाईत. जबाब घेतला की गावभर होणार. नाही घेतला तर मास्तर बुडणार. मी म्हणालो, "तूच ठरव. पण माझ्याकडे वेळ थोडा आहे."

"आधी कारभाऱ्याला सांगतो. मग तुम्हाला लिहून देतो."

गावचा कारभारी म्हणजे सगळे ज्याचं ऐकतात तो म्हातारा. दोघं त्याच्या अंगणात बोलत होते आणि मी कुंपणापाशी येरझाऱ्या घालत होतो. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बहिणीला काय झालं?"

"मुलगी."

"बरी आहे?"

"बरी आहे."

म्हातारा माझ्याकडे वळला. "साहेब, तुमच्या कायद्यात दंड असतो. आमच्यातही आहे. हा पुढच्या होळीला परत पाळणी धरेल, पहिल्यापासून. झालं." मग त्याच्याकडे बघून हसला. "आणि पुढच्या वर्षी बहिणीला आधी विचारून नवस बोल रे!"

सगळा पाडा हसला. माझ्या येरझाऱ्या तेव्हा कुठे थांबल्या.

ठाण्यात आणलं तेव्हा टेंपोवाला खुर्चीवर बसेना. व्हरांड्यात फरशीवर बसला. बोलावून ठेवलेला मास्तर आतून आला, त्याला बघितलं आणि त्याच्या शेजारी खाली बसला. मीही कागद घेऊन तिथेच बसलो. आमचे साहेब दारात येऊन म्हणाले, "काय, पंगत बसलीय का?" पण अडवलं नाही. त्यांनीच सांगितलं की मास्तरचा पुरवणी जबाब घ्या आणि त्याला कंपनीकडे लेखी दुरुस्ती आजच्या आज द्यायला लावा, सर्व्हेअरचा रिपोर्ट जायच्या आत.

मग मी मास्तरला समजावलं. विमा गाडीचा असतो. मालकाने राजीखुशीने गाडी दिली, चालवणाऱ्याकडे चालू लायसन आहे, तो प्यायलेला नाही, गाडी भाड्याने लावलेली नाही, तर दुसऱ्याच्या हातून अपघात झाला तरी क्लेम होतो. लगेच कळवायचं, त्याच्या लायसनची प्रत जोडायची आणि नाव खरं सांगायचं.

मास्तर माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे साहेब, पहिल्या दिवशी खरं बोललो असतो तर चाललं असतं?"

"चाललं असतं."

"मग कोणी सांगितलं का नाही?"

मी पुरवणी जबाबाचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

अपघाताचा गुन्हा टेंपोवाल्यावर राहिला, तो कोर्टात उभा राहिला, ते टळत नाही. मास्तर खोट्या माहितीबद्दल ताकिदीवर सुटला. सर्व्हेअर पुष्कळ कुरकुरला, पण क्लेम मंजूर झाला. त्या मुलाचं ऑपरेशन झालं. पुढे तो किंचित लंगडत का होईना, शेतात जायला लागला.

या केसने मला शिकवलं ते असं, की माणूस स्वतःसाठी बोलतो ते खोटं पकडायला सोपं. दुसऱ्यासाठी बोलतो ते खोटं घट्ट असतं, कारण त्याला त्यात लाज वाटत नाही. त्याच्यावर ओरडून उपयोग नसतो. त्याला नेमकी कशाची भीती वाटतेय ते शोधावं लागतं, आणि ती भीती खोटी असेल तर तसं सांगावं लागतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुठल्याही अपघातात मालक समोर आला की मी पेनाचं टोपण काढायच्या आधी सांगायचो, "दिलेल्या गाडीचाही विमा मिळतो. आता सांग, गाडी कोणाच्या हातात होती?" वरचे साहेब रागवायचे, साक्षीदाराला आधी शिकवू नकोस म्हणायचे. असेल त्यांचं बरोबर. पण ते ऐकून कितीतरी माणसं माझ्यासमोर एक मोठा श्वास सोडायची, आणि मग खरं नाव सांगायची.