पाठमोरा निशाणवाला

माझा धाकटा दीर मोटारींच्या शर्यतीत निशाणवाला. एकोणतीस वर्षं एकाच वळणावर उभा, तोही येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करून. पुढच्या रस्त्यावर गाडी अडकली किंवा तेल सांडलं, तर मागून येणाऱ्यांना पिवळं निशाण त्याने दाखवायचं. त्यामुळे शर्यत या माणसाने फक्त कानांनी ऐकली. आता गुडघे कामातून गेले, म्हणून हंगामाची शेवटची शर्यत ही त्याचीही शेवटचीच. विजेतेपद तिथेच ठरणार होतं.

"वहिनी, आज मी वळून बघणार," सकाळी बूट चढवताना तो म्हणाला.

"बघा की, मान आखडली नसली तर."

मी टीव्हीसमोर बसले. शेवटच्या फेरीत दोघे दावेदार नेमके त्याच्याच वळणावर भिडले. मागच्याने आतून गाडी घातली, पुढे काढली आणि विजेता झाला. सगळे प्रेक्षक उठून उभे राहिले. हा बाबा मात्र पाठमोरा, रिकाम्या रस्त्याकडे बघत. "अहो, वळा की!" मी टीव्हीवर ओरडले.

संध्याकाळी तो आला तो खुर्चीत कोसळलाच.

"का नाही वळलात?"

"रस्त्यावर काहीतरी चकाकलं. तेल असेल म्हणून नजर हलवली नाही."

"होतं?"

"नाही हो. ऊन होतं." त्याने डोळे चोळले. "कसा गेला तो पुढे? नीट सांगा."

मी टेबलावर दोन कप मांडून दाखवायला लागले. मागचा कप वळणावर पोचायच्या आत त्याला झोप लागली होती.