दाराबाहेरच्या चपला

समोरच्या फ्लॅटमधले सावंत हल्ली चपला घरात नेऊन ठेवतात. पूर्वी त्यांच्या दाराबाहेर चार-पाच जोड पसरलेले असायचे, आता नुसती फरशी दिसते. बाहेर चपला दिसल्या की वसुलीवाले बेल सोडत नाहीत, हे मला माझा तिसरा हप्ता चुकल्यावर कळलं.

तशा वाटा आहेत. बँकेत जाऊन हप्ता कमी करून मागता येईल. थोरल्या भावासमोर बसून सगळं सांगता येईल. बायकोच्या पाटल्या मोडता येतील, पण त्यासाठी आधी तिला सांगावं लागेल. यातली कुठलीही वाट धरायची तर चपला घालून बाहेर पडायला हवं. भीती मात्र पहिल्यांदा चपलाच लपवायला लावते.

आज दुपारी मी माझा जोड गुपचूप उचलून आत आणला.

"चपला आत कशाला?" बायकोनं विचारलं.

"कुत्रं पळवतं गं."

"चौथ्या मजल्यावर?" ती हसली.

तेवढ्यात बेल वाजली. मी तिला हातानंच गप्प राहायची खूण केली. तिचं हसू विरलं, आणि मला आठवलं, तिच्या चपला बाहेरच होत्या.