पाचवं शील

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. माझ्या आईला दारूचा पहिला घोट मी पाजला. भर दुपारी, भुशीच्या रस्त्यावरच्या एका बंगल्याच्या हिरवळीवर, आठ-दहा परक्या माणसांसमोर.

त्या बंगल्याचा मी केअरटेकर. शेठच्या पाहुण्यांना गावठी लागायची, मी आणून द्यायचो. गावातली एक बाई काढते, एवढंच सांगितलेलं. ती बाई माझी आई. भट्टीवालीचा मुलगा बंगल्याच्या किल्ल्या सांभाळतो, हे शेठला कळू द्यायचं नव्हतं.

बाप गेल्यावर आईनं ओढ्याकाठी भट्टी लावली. काळा गूळ, बाभळीची साल. त्यावर मी बारावी झालो. पण तिनं थेंब कधी ओठाला लावला नाही. विहारात पंचशील म्हणताना पाचवं शील आलं, दारू पिणार नाही हे, की तिचा आवाज चढायचा. बायका टोमणे मारायच्या, "बगा, भट्टीवाली कशी म्हनतीया!"

"पोटासाठी काढती," आई म्हणायची. "पेली न्हाई कदी."

तिच्याकडे ताठ मानेनं चालायला तेवढंच होतं.

त्या रविवारी पाहुण्यांना गावठी काढणारी बघायची होती. "घेऊनच ये तिला," शेठ म्हणाला.

आई कॅन घेऊन आली. मला म्हणाली, "आनलीया, दादा. कुटं ठिवू?"

दादा. मी तिला काही शिकवलं नव्हतं. तिची ती समजली होती.

तिनं वाटीत थोडी ओतली, काडी लावली. निळा जाळ. "चोख हाय, सायब."

"पेटली म्हणून काय झालं?" एक पाहुणा म्हणाला. "आधी तू पी."

"मी पीत न्हाई, सायब."

"ऐका! स्वतः काढते आणि पीत नाही म्हणे. मग नक्की काहीतरी घातलंय!"

सगळे हसले. मोबाईल वर आले. शेठनं माझ्याकडे बघितलं.

मी ग्लास भरला. तिच्यापुढे धरला. म्हणालो, "घ्या मावशी, एक घोट. साहेब थांबलेत."

तिनं बघितलं. ग्लासाकडे नाही, माझ्याकडे. मग प्याली. ठसका लागला. टाळ्या पडल्या.

गेटपर्यंत सोडायला गेलो. पदरानं तोंड पुसायचं तिचं थांबेना. हळूच म्हणाली, "तुला न्हाई ना कुनी काय बोललं?"

पौर्णिमेला विहारात आई चार शीलं म्हणाली. पाचव्याला गप्प. बायकांनी वळून बघितलं. ती खाली बघत बसली. मी मात्र म्हणत होतो, मोठ्यानं. माझाच आवाज मला ऐकवेना.

शनिवारी शेठ म्हणाला, "त्या मावशीला आण रे परत. मजा आली त्या दिवशी."

किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "ती माझी आई आहे. ती येणार नाही. मी पण नाही."

"अरे, मग तेव्हाच सांगायचं ना!"

शेठच्या तोंडून निघालेलं तेवढंच एक खरं.

घरी सांगितलं, काम सोडलं. का, ते सांगितलं नाही. आईनं विचारलं नाही. भट्टी परत पेटवली नाही तिनं. पुढे सहा वर्षं जगली. दर पौर्णिमेला चार शीलं. बायका म्हणायच्या, "चाकलीच म्हनं शेवटी म्हातारीनं." तिनं ऐकून घेतलं. शेजारी बसून मीही.

येत्या पौर्णिमेला विहारात मी उभा राहणार आहे. त्याच बायकांसमोर. शील तिनं मोडलं नाही, मी मोडलं. ग्लास माझ्या हातात होता आणि ती माझी आई होती. हे सगळ्यांसमोर बोलणं, एवढं मी तिचं देणं लागतो.