सूर्य बुडाल्यावरची गरमी

निर्मलाताई राठोड जगातल्या सगळ्या कटकटींची तीन भागांत वाटणी करायच्या: ‘असू दे’, ‘पाहू’ आणि ‘पळा’. माझी दाढ ठणकायला लागली तेव्हा डबा सोडता सोडता त्यांनी विचारलं, “गाल सुजला का? ताप? नाही ना? मग असू दे.” माझ्या बायकोला ही पद्धत इतकी आवडली की तेव्हापासून घरात माझी एकही तक्रार ‘पाहू’पर्यंत पोचलेली नाही.

ताईंचं कामच ते होतं. यवतमाळच्या आमच्या छोट्या ऑफिसात जिल्हाभरच्या मोबाइल टॉवरांच्या खोल्यांमधून दिवसभर इशारे यायचे: लाइट गेली, डिझेल संपत आलं, खोली तापली, दार उघडलं. मी पडद्यापुढे बसून ते पाहायचो. कोणता इशारा करडा, कोणता पिवळा, कोणता लाल, याचे नियम ताई कॉम्प्युटरमध्ये लिहायच्या. पुसदकडच्या तांड्यावरून शिकून आलेली बाई, बोलणं थेट. “सगळेच लाल केले तर तुमी एकाकडेही पाहणार नाही, भाऊ. तुमचा सोभाव मले मालूम आहे.” आणि पडदा फारच शांत असला की त्यांचा जेवणात जीव लागायचा नाही.

कापसाला भाव नव्हता, त्या वर्षांतला एक उन्हाळा. भाव चढेल म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवलेला, आणि त्यातल्या किड्यांनी घरंच्या घरं अंग खाजवत बसलेली. ऊन वाढलं तसा आमचा पडदा लालभडक झाला. सगळ्याच खोल्या तापलेल्या. नागपूरचे साहेब वैतागले. तेव्हा ताईंनी नियम लिहिला: दुपारची गरमी ‘असू दे’. पण त्याखाली दुसरा जोडला: सूर्य बुडाल्यावरही खोली निवत नसेल तर ‘पळा’.

साहेब म्हणाले, खालचा काढा, उगाच पसारा.

“दिवसा तापते ते सूर्याचं, साहेब. सूर्य बुडाल्यावर तापते ते खोलीचं सोताचं. तो नियम राहीन.”

राहिला. आणि एका संध्याकाळी झरी जामणीकडच्या जंगलातला एक टॉवर लाल झाला. आजूबाजूचे सगळे निवले होते, हा चढतच होता. ताईंनी तिथल्या राखणदाराला, टेकामला, फोन लावला. स्पीकर चालू होता.

“टेकामदादा, खोलीत काय ठेवलं?”

“काही नाही बाई. मशिनी आहेत. काहून?”

“खोली तापून राह्यली. दार उघडू नको. मी माणूस पाठवून राह्यली.”

“माणूस? आत्ता येते का तो?”

“निघालाच समज.”

“बरं, बरं,” म्हणून त्यानं घाईघाईनं फोन ठेवला.

ताई फोनकडे बघत राहिल्या. “खोलीला काय झालं ते इचारलंच नाही यानं. माणूस कधी येते ते इचारलं.” त्यांनी पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उमटली: दार उघडलं. करड्या रंगात. राखणदार सतत आत-बाहेर करतो, म्हणून दार उघडणं ताईंनीच ‘असू दे’त टाकलं होतं. त्यानंतर त्या टॉवरकडून काहीच आलं नाही.

खोलीत टेकामचा कापूस होता, पार छतापर्यंत. गावात पक्कं छत तेवढंच. आतल्या आत तो धुमसत होता. तपासणीला माणूस येतोय, कापूस दिसला तर नोकरी जाईल, म्हणून टेकाम तो बाहेर काढायला गेला. दार उघडलं, वारा आत शिरला आणि कापूस भडकला. टेकाम वाचला नाही. हे सगळं ताईंना त्याच्या बायकोनं सांगितलं, त्या भेटायला गेल्या तेव्हा.

साहेबांनी फोन करून नियमाचं कौतुक केलं. इशारा वेळेवर आला म्हणाले. ताईंनी ‘हो’ म्हणून फोन माझ्याकडे दिला.

पुढे बदली होऊन जाईपर्यंत त्यांनी नियमांना फारसा हात लावला नाही. पण कुठली खोली तापली की फोनवर आधी म्हणायच्या, “दादा, आत काय ठेवलं ते मले सांगू नको. तुझी नोकरी जात नाही, मी बसली आहे इथं. तू फक्त दाराला हात लावू नको अन् दूर जाऊन उभा राह्य.” आणि पलीकडे पाचोळ्यावरून दूर जाणारी पावलं ऐकू आल्याशिवाय त्या फोन ठेवत नसत.